फळा कुणी पुसला?

(नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीच्या पटांगणात, अभ्यासवर्गाच्या पोरांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, शिव्या तेवढ्या कमी केल्यात. एका माणसाचं नाव भाषणात पाच-सहा वेळा घेतलं होतं. छापताना त्याच्या बायकोच्या सांगण्यावरून ते गाळलंय. कारण पुढं येईलच.)

दोस्तहो, आयाबायांनो, आणि वरच्या गॅलरीतून वाकून ऐकणाऱ्यांनो, जयभीम.

मला इथं बोलावलं ते कवी म्हणून. पत्रिकेत माझ्या नावाआधी ‘विद्रोही कवी’ असं छापलंय. छापणाऱ्याचे आभार. पण मी दहावी पास, जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिक, आणि गोदीत कंत्राटी कामगार. सकाळी खांद्यावर जे वजन येतं ते अशा विशेषणानं हलकं होत नाही. तेव्हा कविता आज राहू द्या. आज मी एका फळ्यावर बोलणार आहे.

तो बघा. जिन्याच्या डाव्या अंगाला, मीटरच्या पेटीखाली. प्लायवूडला काळा रंग मारलेला, एक कोपरा पावसानं फुगलेला. तुम्ही रोज त्याच्यासमोरनं जाता. कुणी त्याला सायकल टेकवतो, कुणी ओला टॉवेल अडकवतो. पुढच्या महिन्यात ही चाळ रिकामी करायचीय. कपाट कसं न्यायचं, गॅस कुठं ठेवायचा, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कोण धरणार, ह्याचा हिशेब घराघरांत चाललाय. फळ्याचा हिशेब कुणी केला नाही. कमिटीच्या यादीत तो ‘भंगार’मध्ये धरलाय. मी विचारलं तर म्हणाले, अरे, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, फळा घेऊन काय करायचंय?

काय करायचंय तेच सांगायला उभा राहिलोय. आणि एक कबुली द्यायचीय. ती मधेच येईल, तेव्हा उठून जाऊ नका.

ह्या चाळी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, झाडूखात्यात राबणारी माणसं ह्यात कोंबली. एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं जगली, बाळंत झाली, म्हातारी झाली, मेली. आता मला सांगा, ह्या ऐंशी खोल्यांत रोज जे घडतं ते कुठल्या पेपरात येणार? म्हणून फळा.

फळ्यावर काय असतं? ‘उद्या पाणी नाही, पहाटे साडेचारला भरून ठेवणे.’ ‘दुसऱ्या मजल्यावरची अमुक, दहावीला ८१ टक्के, अभिनंदन.’ ‘केईएममध्ये रक्त हवंय, लगेच या.’ ‘अंत्ययात्रा सायंकाळी ५ वाजता.’ ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन रविवारी सकाळी ११.’ ‘जयंतीची वर्गणी कुणाकडं जमा करावी.’ ‘रात्रशाळेत नाव घालायची शेवटची तारीख.’ ‘नळावर भांडू नये.’ ही शेवटची बातमी वर्षातून बारा वेळा.

तुम्ही हसाल. पण पांढरपेशा माणसाच्या पेपरातही ह्याहून वेगळं काय असतं? कोण जन्मलं, कोण मेलं, कोण पास झालं, कुणाला पैसे मिळाले, कुणी मारामारी केली. फरक एवढाच, की त्यांच्या बातमीला ‘बातमी’ म्हणतात आणि आपल्या बातमीला ‘चाळीतल्या गप्पा’ म्हणतात.

हा फळा मला अण्णांकडून आला. अण्णा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा रोज संध्याकाळी कुठल्या गेटवर सभा, कुठं धान्य वाटणार, कुणाला पोलिसांनी उचललं, हे अण्णा फळ्यावर लिहायचे. संप बुडाला, गिरण्या गेल्या, फळा राहिला. अण्णा जाईपर्यंत तेच लिहीत होते. शेवटी हात कापायला लागला तेव्हा मला बोलावून म्हणाले, कविता करतोस म्हणं, मग अक्षर तरी बरं असेल.

त्यांचे नियम चार. एक, नाव पुरं लिहायचं. ‘तळमजल्यावरची म्हातारी वारली’ असं नाही. तिला नाव आहे, ऐंशी वर्षं होतं. दोन, कधी, कुठं, कसं, हे तिन्ही पाहिजे. तीन, खाली ‘कळवणार’ म्हणून सांगणाऱ्याचं नाव. अण्णा म्हणायचे, बिननावाची बातमी म्हणजे चुगली. आणि चार, पुसायच्या आधी फळा वहीत उतरवून घ्यायचा, तारखेसकट.

चौथा नियम मी पाळला नाही. दिवसभर माल उचलून आल्यावर वही कोण उघडतो? पण अण्णांची नात, तेव्हा सातवीत होती, ती अक्षर सुधारायचं म्हणून रोज संध्याकाळी पायरीवर बसून फळा वहीत उतरवायची. मी तिला म्हणायचो, बाई, अभ्यास कर. ती म्हणायची, हाच करते. ही पोरगी लक्षात ठेवा.

आता थोडं चाळीबाहेर जाऊ. फार लांब नाही, चालत जाता येईल एवढंच.

परळच्या पोयबावडीला एक बिल्डिंग होती. ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ निघाला, त्याची कचेरी तिथं. ‘केसरी’कडं ‘मूकनायक’ची जाहिरात पाठवली. फुकट नव्हे, पैसे मोजून. तरी छापली नाही. म्हणजे आपला पेपर निघतोय एवढी बातमीसुद्धा पैसे देऊन छापून मिळत नव्हती! बाबासाहेबांनी काय केलं? रडत बसले नाहीत. ‘मूकनायक’ बंद पडला तर १९२७ला ‘बहिष्कृत भारत’ काढला आणि त्याचा बहुतेक मजकूर स्वतः एकट्यानं लिहिला. मग १९३०ला ‘जनता’. १९५६ला ‘प्रबुद्ध भारत’. विलायतेहून पदव्या घेऊन आलेला माणूस रात्र रात्र जागून रकाने भरत होता, कारण त्यांना ठाऊक होतं, ज्याची बातमी दुसरा लिहितो त्याचं काय खरं मानायचं तेही दुसराच ठरवतो.

इकडं दादरला, आपल्या शेजारी, आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस. २५ जून २०१६च्या पहाटे ते पाडलं. मी तेव्हा शाळेत. १९ जुलैला रस्ते भरून मोर्चा निघाला. माझ्या आईनं त्या दिवशी कामावर खाडा केला. मी विचारलं, आई, जुना छापखाना पाडला तर एवढं काय? ती शिकलेली नाही. म्हणाली, अरे, आपली तोंडं होती ती.

आणखी एक. १० जानेवारी १९७४ला परळला पँथरच्या मोर्चावर वरून दगड आले आणि भागवत जाधव गेला. त्याचं नाव आज कुणाला ठाऊक? ज्या वस्तीत दरवर्षी १० जानेवारीला ते लिहितात, तिथल्या पोरांना. बाकीच्यांसाठी ती ‘वरळीची दंगल’. दंगल म्हटलं की माणूस दिसेनासा होतो. आकडा उरतो, तोही कुणी मोजला तर.

आकड्यावरनं गोदीकडं येतो. ती माझी जागा.

१४ एप्रिल. आपल्याला ही तारीख काय आहे ते सांगायला नको. चाळीत निळे झेंडे, पताका, बँड, रात्रीपासून पोरांच्या अंगात वारं. पण गोदीत ह्या तारखेला आणखी एक गोष्ट आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टायकिन नावाची बोट. पोटात कापसाच्या गाठी, त्याच पोटात दारूगोळा, आणि वर सोन्याच्या लगडी. कापसाला आग लागली. दुपारी चारच्या सुमारास बोट फुटली, अर्ध्या तासानं पुन्हा फुटली. आजूबाजूच्या बोटी, गोदामं, मांडवी-मशीद बंदरच्या बाजूची घरं, सगळं पेटलं.

आता ह्याची बातमी बघा. लढाईचा काळ, सेन्सॉर होता. शहर जळतंय ते शहराला दिसत होतं, पण छापायला बंदी. बाहेरच्या जगाला आधी सांगितलं ते रेडिओ सायगाननं, म्हणजे जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओनं, दुसऱ्या दिवशी. इथून बातम्या पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्यांची माणसं त्या दिवशी कामावर गेली आणि आली नाहीत, त्यांच्या दारातली गोष्ट महिनाभर छापायची सोय नव्हती!

आणि मोजणी बघा. आगीशी लढताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचा आकडा आहे, स्मारक आहे, त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पाळलाच पाहिजे, त्यांनी जीव दिला. सोन्याचाही हिशेब आहे, किती लगडी होत्या ते कागदावर आहे. पुढं कित्येक वर्षं गाळ काढताना त्या सापडत राहिल्या आणि सापडल्या की बातमी व्हायची. पण पाठीवर माल वाहणारे किती गेले? आठशे म्हणतात, तेराशे म्हणतात, कुणी ह्याहून जास्त सांगतात. एका माणसाला दुसऱ्या माणसाचा आकडा पटत नाही. साला, गाळातलं सोनं सापडतं आणि गाळातला मजूर सापडत नाही!

म्हणून मी फळा लिहायला लागलो तेव्हापासून १४ एप्रिलला जयंतीच्या मजकुराखाली दोन ओळी गोदीतल्या मेलेल्यांसाठी लिहितो. काही जण म्हणाले, आनंदाच्या दिवशी कशाला? मी म्हटलं, १९४४च्या त्या दिवशी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या जयंतीला मजुरांची आठवण काढली तर त्यांना वाईट वाटणार नाही.

हे सगळं मी मोठ्या तोंडानं बोलतोय. आता कबुली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर. आपल्याच चाळीतला माणूस, तुम्ही सगळे त्याला दादा म्हणायचा, मीही म्हणायचो. मला गोदीत त्यानंच लावलं. पहिल्या दिवशी म्हणाला होता, स्लिंगखाली कधी उभा राहू नको, मुकादम म्हणाला तरी. दुसरी पाळी होती. बोटीच्या पोटात स्टीलच्या कॉइलींचं काम. वर क्रेन, खाली पाच माणसं. साडेतीनच्या सुमारास स्लिंग सुटली. दादा खाली होता. एवढंच. ह्याच्यावर कविता होत नाही, मी करून बघितली.

मी दुसऱ्या शेडला होतो. गँगमधल्या चौघांनी सांगितलं, मी घरी येऊन फळ्यावर लिहिलं. अण्णांच्या नियमानं. पुरं नाव. वय. ‘आज दुपारी साडेतीन वाजता गोदीत बोटीवर कामावर असताना स्लिंग सुटून मृत्यू.’ अंत्ययात्रेची वेळ. खाली ‘कळवणार’ आणि चौघांची नावं.

रात्री नवाच्या पुढं मुकादम आला. हसत आला. बरोबर आपल्या कमिटीचे एक काका. मुकादम म्हणाला, काय कवी, फळ्यावर कोर्ट भरवलंस का? निधन लिही ना. दुःखद लिही. हवं तर दोनदा लिही.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरा, आपल्या चाळीतली दहा पोरं त्या ठेकेदाराकडं कामाला. त्यात तू पण. जयंतीला त्यानं एकवीस हजार दिलेत. मेलेला काय परत येत नाय. जिवंतांचं बघ.

दोस्तहो, त्यांनी मला मारलं नाही. चाकू दाखवला नाही. एक वाक्य बोलले, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. दहा पोरांची चूल खरीच होती. मी फडकं घेतलं. पुरं नाव ठेवलं, वय ठेवलं, अंत्ययात्रा ठेवली. फक्त एक ओळ पुसली. ‘कामावर असताना स्लिंग सुटून मृत्यू’ पुसून तिथं लिहिलं, ‘दुःखद निधन’. चौघांची नावं आपोआप गेली, कारण आता कळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अक्षर मात्र छान काढलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी होत्या. गोदीत अपघात, एक मजूर ठार. नाव नाही. त्याच पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात. मला पेपरचा राग आला. मी शिवी घातली. आणि घालता घालता थांबलो. पेपरनं नाव गाळलं होतं, कारण ठेवलं होतं. मी नाव ठेवलं होतं, कारण गाळलं होतं. दोघांनी मिळून दादाला पुरा पुसला.

सकाळी वहिनी खाली आल्या. बायांनी धरलं होतं. त्या नववीपर्यंत शिकल्यात, बोट ठेवून वाचतात. फळ्यासमोर उभ्या राहिल्या, शेवटपर्यंत वाचलं, आणि मला म्हणाल्या, भावजी, हे आजारी होते का?

ह्याच्यावर मी काही बोललो नाही. आजही माझ्याकडं उत्तर नाही.

आठ-दहा दिवसांनी ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, त्या दिवशी ह्या माणसाची हजेरीच नाही. तो कामावर नव्हता. आत कसा आला, आम्हाला ठाऊक नाही. आता कायदा काय सांगतो ऐका, पोरांनो, हे लिहून घ्या. नुकसानभरपाईचा १९२३चा कायदा तेव्हा लागू होता. त्यात मजुराला भरपाई मिळायची तर दोन गोष्टी दाखवाव्या लागत. अपघात कामावर असताना झाला, आणि कामामुळं झाला. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. बघा, मी पुसलेल्या ओळीत ह्या कायद्याचे दोन्ही पाय होते. ‘कामावर असताना’ हा एक, ‘स्लिंग सुटून’ हा दुसरा. मला कायदा ठाऊक नव्हता. मुकादमाला ठाऊक होता. म्हणून तर तो रात्री नवाला एवढ्या लांबून एका ओळीसाठी आला. आपल्या बातमीची किंमत आपल्याला कळत नाही, तिला पुसायला येणाऱ्याला बरोबर कळते.

मी जिन्यात डोकं धरून बसलो होतो. अण्णांची नात आली. म्हणाली, दादा, माझ्या वहीत पहिलं आहे. वही उघडली. ती ओळ होती, तारखेसकट, चौघांच्या नावांसकट. तिनं संध्याकाळीच उतरवून घेतली होती. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, आणखी एक ओळ होती: ‘रात्री साडेनऊला पुसलं.’ आणि अण्णांचा तिसरा नियम तिनं पाळला होता. ‘कळवणार’च्या जागी लिहिलं होतं ‘पुसणार’, आणि पुढं माझं नाव. पुरं.

सातवीतल्या पोरीनं लिहिलेली ती बातमी माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी बातमी आहे.

त्याच दिवशी मी ती ओळ फळ्यावर पुन्हा लिहिली. जशीच्या तशी. खाली ‘आधी पुसली होती, चूक झाली’ असंही लिहिलं. मला तीन आठवडे काम मिळालं नाही. मग दुसऱ्या मुकादमाकडं लागलो. त्या दहा पोरांतल्या कुणाचंही काम गेलं नाही, कारण बोटी थांबत नाहीत आणि पाठी लागतातच. म्हणजे ज्या भीतीनं मी पुसलं ती भीती निम्मी पोकळ होती. निम्मी खरी होती, ती मी भोगली.

वकिलाकडं वही नेली. तो म्हणाला, पोरीच्या वहीवर कोर्ट निकाल देणार नाही, पण ह्यात चार नावं आहेत, त्या माणसांना धरा. चौघांत दोघं उभे राहिले. दोघं गावाला गेले ते अजून गावालाच आहेत. त्यांना शिव्या द्यायचा हक्क मला नाही. दावा मुदतीत लागलाय. चालू आहे. म्हणून वहिनी म्हणाल्या, भाषणात नाव घ्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण छापू नका, निकाल लागू द्या. मी ऐकलं. नाव कधी लिहायचं आणि कधी झाकायचं हे ज्याचं दुःख त्यानं ठरवावं, मुकादमानं नाही.

पण वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एक दिवस फळ्यापाशी मला म्हणाल्या, भावजी, तुम्ही लोक मेल्यावरच नाव लिहिता. जिवंतपणी का नाही? मला वाटलं दादाबद्दल बोलतायत. त्या स्वतःबद्दल बोलत होत्या. लोअर परळच्या एका ऑफिसात त्या झाडलोटीला लागल्या होत्या, ठेक्यावर, दोन महिने पगार नव्हता. म्हणाल्या, हे बातमीत बसत नाही का?

मी गप्प झालो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत ह्या फळ्यावर बायांचं नाव आलं ते तीन कारणांनी. दहावी पास झाली, लग्न ठरलं, वारली. पहाटे पाचला घर सोडून दुसऱ्यांची ऑफिसं झाडणारी बाई आमच्या क्रांतिकारी फळ्यावर नव्हतीच. आम्ही व्यवस्थेला शिव्या देत होतो आणि आमच्या फळ्याचीही एक व्यवस्था होती.

लिहिलं. वहिनींचं नाव, किती महिने, किती पैसे, कळवणार त्या स्वतः. संध्याकाळपर्यंत फळ्यापाशी आणखी सहाजणी आल्या. सगळ्या त्याच ठेकेदाराच्या, वेगवेगळ्या इमारतींत. प्रत्येकीला सांगितलं होतं, तुझ्या एकटीचाच कागद अडकलाय. एकाच चाळीत राहून, एकाच नळावर पाणी भरून, सातजणींना एकमेकींचं ठाऊक नव्हतं! लाजेनं कुणी बोलत नव्हतं. फळ्यानं ती लाज काढली. सातजणी एकत्र ठेकेदाराकडं गेल्या. एका महिन्याचा पगार मिळाला. एकाचा बाकी आहे, तोही फळ्यावर आहे, रोज तारीख बदलून.

बातमी म्हणजे दुसरं काय असतं? एकट्याला वाटतं माझंच नशीब फुटकं. बातमी सांगते, सातजणांचं आहे. मग ते नशीब राहत नाही, हिशेब होतो.

आता फोनचं. फोन वाईट नाही, मीही वापरतो. पण आपल्या चाळीच्या ग्रुपवर काय येतं बघा. सकाळी सुविचार, दुपारी कुणाची तरी क्लिप, संध्याकाळी पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो. दादाच्या मरणाची बातमी तिथंही टाकली होती. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि रात्री बारापर्यंत ती चाळीस मेसेजच्या खाली गाडली गेली. फोनवर पुसायला फडकंसुद्धा लागत नाही. आणि फोनवरची बातमी ज्याच्याकडं फोन त्याची. फळ्यावरची बातमी जिना चढणाऱ्या प्रत्येकाची, उतरणाऱ्याचीही. तिच्यासमोर दोन माणसं एकाच वेळी उभी राहतात आणि एकमेकांकडं बघतात. ते बघणं फोनमध्ये नाही.

आणि टॉवरचं. मी टॉवरच्या विरोधात नाही, कुणी तसं पसरवू नका. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, पाचशे चौरस फुटांचं घर. शंभर वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहिलेली माणसं आहोत आपण. घर पाहिजे, घरात संडास पाहिजे, लिफ्ट पाहिजे, आणि म्हाताऱ्यांना ती चालूही पाहिजे. हक्काचं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पण टॉवरच्या खाली काचेच्या पेटीत बोर्ड असतो, त्याला कुलूप, चावी सेक्रेटरीकडं. त्यात मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं लागतात. कोण कामावर मेलं ते लागत नाही. दारं बंद झाली की शेजारी कोण राहतो ते विचारावं लागतं. इथं विचारायची गरज नव्हती, इथं भांडणसुद्धा सार्वजनिक होतं.

तर माझं मागणं लहान आहे. फळा भंगारात जाणार नाही. आधी संक्रमण शिबिरात जाईल, मग टॉवरखाली, जिथनं सगळे ये-जा करतात तिथं, बिनकुलपाचा. नाव पुरं लिहायचं. कधी, कुठं, कसं. कळवणाऱ्याचं नाव. एक आठवडा बापे लिहितील, एक आठवडा बाया. वही रोज भरायची आणि ती एका घरात राहणार नाही, दर महिन्याला घर बदलेल. अण्णांची नात आता नववीत गेलीय. वहीची जबाबदारी तिच्याकडं आणि तिच्या चार मैत्रिणींकडं. आणि फळ्यावरचं काही पुसायचं झालं तर, नियम पाचवा, ‘पुसणार’ म्हणून त्याचंही नाव लिहायचं. हा नियम त्या पोरीनं केलाय. मी त्याचा पहिला गुन्हेगार आहे.

बोलणं संपलं. आता बातमी.

रविवारी सकाळी नऊ वाजता फळा उतरवायचाय. मागं चार गंजके खिळे आहेत आणि भिंत ओली आहे, सांभाळून काढावा लागेल. चार माणसं पाहिजेत. तळमजल्यावर कुणाकडं पकड असेल तर आणा. फुगलेल्या कोपऱ्याला नवी पट्टी मारायची, काळ्या रंगाचा डबा मी आणलाय. त्याआधी शनिवारी रात्री फळ्यावर जे असेल ते वहीत उतरेल.

कळवणार: मी. माझं पुरं नाव तुम्हाला ठाऊक आहे, दोनदा लिहिलं गेलंय.

जयभीम.